'सेपरेशन'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'रीडबॅक'ला?

उजळाईवाडीहून, मूळ प्रश्न

आमच्या शाळेतली सातवीची पोरं विमानतळ बघायला जाणार आहेत. बाईंनी माझ्याकडून दोन पानं माहिती मागितलीय, मराठीत. पहिल्याच परिच्छेदात अडलोय. जमिनीवरून विमानांना रेडिओवर सूचना देणारा कंट्रोलर दोन विमानांत जे 'सेपरेशन' ठेवतो त्याला काय लिहू? वर-खाली १००० फूट, नाहीतर रडारवर आडवं साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. एका ठिकाणी 'विलगीकरण' वाचलं.

शाहूपुरीतून

विलगीकरण नको. पोरं विचारतील, विमान पॉझिटिव्ह आलं काय? 'पृथक्करण' प्रयोगशाळेतलं, 'फारकत' कोर्टातली. नाम शोधत बसू नका, मराठीत हे काम क्रियापद करतं: अंतर राखणे. अंतर नुसतं 'असतं' ते आपोआप. 'राखायला' माणूस जागा लागतो, पिकाची राखण करतात तसा. फक्त 'अंतर देणे' चुकूनही लिहू नका. आपल्याकडे अंतर देणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं.

राजारामपुरीतून

सहमत. आणि ते अंतर नियमापेक्षा कमी झालं तर 'अंतर तुटलं' नको, अंतर तोडणं म्हणजे चालून संपवणं. 'अंतर मोडलं' चालेल, नियम मोडतात तसं.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर ते असंच मोडलं. सौदीचं विमान १४ हजार फुटांवर, कझाकस्तानचं १५ हजारांवर राहायचं होतं, ते खाली आलं आणि दोन्ही हवेतच धडकली. ३४९ माणसं गेली. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा. सूचना एकाच्या कानात, दांडा दुसऱ्याच्या हातात.

कसबा बावड्यातून

शब्द कुठला बी घाला, पण आमच्यात 'निघालोय' म्हणजे अजून अंगावर टॉवेल असतोय बघा. आणि घरातनं जाताना म्हणतोय काय, तर 'येतो'! असला माणूस पायलट केला तर टॉवरवाल्यानं काय समजायचं?

राजारामपुरीतून

हसू नका, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर हेच झालं. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो. डच को-पायलट रेडिओवर जे बोलला त्याचा अर्थ 'आम्ही टेक-ऑफच्या जागी उभे आहोत' असाही होत होता आणि 'टेक-ऑफ घेतोय' असाही. टॉवर म्हणाला 'ओके', आणि पुढे 'थांबा' म्हणाला. त्याच क्षणी दुसऱ्या विमानानंही बोलायला सुरुवात केली. दोन आवाज एकमेकांवर चढून कर्कश शिट्टी झाली आणि 'थांबा' नीट पोचलाच नाही. विमानं धडकली, ५८३ मृत्यू. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेताना उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर'.

शाहूपुरीतून

म्हणूनच 'ओके'वर भरवसा नाही. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि तसं करतो, 'अफर्म' म्हणजे होय. गंमत अशी की मराठीत हे तिन्ही आधीपासून वेगळे आहेत: बरं, करतो, होय. आई 'दळण आण' म्हणाली आणि पोरगा नुसतं 'बरं' म्हणाला, तर दळण येत नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. 'आणतो' वदवून घेतल्याशिवाय ती सोडत नाही.

गोकुळ शिरगावातून

एक खटका मराठीतही आहे, पानं लिहिताना सांभाळा. 'उतरणे'. विमान १५ हजारांवरून १४ हजारांवर येतं तेही उतरतं, आणि धावपट्टीला टेकतं तेही उतरतं. इंग्रजीत दोन शब्द, आपला एकच. पहिल्याला 'खाली येणे' लिहा, दुसऱ्यालाच 'उतरणे'.

उजळाईवाडीहून

हे माझ्या कच्च्या मसुद्यात चार ठिकाणी चुकलंय! दुरुस्त करतो. आता 'रीडबॅक'. कंट्रोलर सांगतो ते पायलटनं परत बोलायचं. 'परतवाचन' लिहिलंय, पण वाचत तर कोणी काहीच नाही.

शाहूपुरीतून

'म्हणून दाखवणे'. फोनवर यादी दिल्यावर वाणी करतो तेच: 'साखर दोन किलो, शेंगदाणे अर्धा, बरोबर?' आणि गिऱ्हाइकानं कान उघडे ठेवायचे असतात. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ एका मालवाहू जंबोला 'डिसेंड टू फोर झिरो झिरो' सांगितलं, म्हणजे २४०० फुटांवर या. पायलटला तो 'टू' आकडा वाटलाच नाही, नुसता 'पर्यंत' वाटला. त्यानं 'ओके, फोर झिरो झिरो' म्हणून दाखवलंसुद्धा. चूक कोणी पकडली नाही, विमान डोंगराला धडकलं, चौघे गेले.

कसबा बावड्यातून

म्हणजे वाण्यानं यादी म्हटली आणि गिऱ्हाईक टीव्ही बघत बसलं.

उजळाईवाडीहून

ठरलं. 'अंतर राखणे', 'अंतर मोडणे', 'म्हणून दाखवणे'. बाईंना तिन्ही पसंत पडले. पण आता त्या म्हणतायत 'टॉवर' खोडून 'मनोरा' करा. त्याचा वेगळा धागा काढतो, इथे भांडू नका.