रेडिओच्या पाठीमागची चिठ्ठी: रामबागेतल्या फौजीकाकांच्या आठवणी

फौजीकाका गेले. नव्वदी कधीच ओलांडली होती, तरी दिवाळीपर्यंत रोज दुकान उघडत होते. तेराव्याला आम्ही जमलो, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी काकांची वेगळीच गोष्ट होती. त्या हवेत विरून जाऊ नयेत म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका फौजेत सिग्नल्समध्ये वायरलेसवर होते. 1965 आणि 1971, दोन्ही लढायांच्या वेळी नोकरीत. शेवटची नेमणूक महूला. पेन्शन घेतल्यावर गावी न जाता इंदुरातच राहिले आणि रामबागेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओला ते कधी रेडिओ म्हणाले नाहीत, कायम 'सेट'.

एक विनंती आहे. घरात जुना रेडिओ असेल तर प्लग काढून पाठीमागचा पुठ्ठा उघडा. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटमध्ये काका पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवत. तुमच्या चिठ्ठीत काय आहे ते लिहा. आमच्या मर्फी रेडिओत निघाली (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या सेटमधल्या काचेच्या नळ्या): "फिल्टर कंडेन्सर बदलले. व्हॉल्व्ह उत्तम आहेत. कोणी बदला म्हणालं तर बदलू नका."

रामबागेतच वाढलेला

शाळेतून येताना मी त्यांच्या ओटल्यावर बसायचो. चालू सेटमध्ये काम करताना त्यांचा डावा हात कायम पाठीमागे असे, विश्राममध्ये उभं राहिल्यासारखा. मला ती फौजेची सवय वाटायची. एकदा विचारलंच. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट खेळत असतात, बाळ. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. एक हात मागे ठेवला की माणूस संध्याकाळी घरी जातो."

पुढे मी वीज मंडळात लागलो. तीस वर्षं झाली, आजही पॅनेल उघडलं की डावा हात आपोआप मागे जातो.

लोकमान्य नगरची सून

आमच्या सासूबाईंना शेवटी दिसेनासं झालं होतं. दिवसभर मालवा हाऊसचं, म्हणजे आपलं आकाशवाणी इंदूर लावून बसायच्या. पण स्टेशन सरकलं की हाका मारायच्या आणि मी स्वयंपाकघरातून पळत यायची. काकांना सांगितलं, तर त्यांनी ट्रान्झिस्टरच्या चाकतीवर अ‍ॅरल्डाइटचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब बसवून दिला. थेंब बरोबर अंगठ्याखाली आला की इंदूर लागलं! सासूबाईंनी माझ्यादेखत दहा वेळा चाकती फिरवून दहाही वेळा स्टेशन लावलं. पैसे विचारले तर म्हणाले, "वहिनी, थेंबाचे कसले पैसे?"

सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. तो थेंब अजून तसाच आहे, फक्त पिवळा पडलाय.

जुना शेजारी

लढाईबद्दल ते बोलत नसत. पोरं मागे लागायची, काका, तुम्ही तिथे काय केलंत? उत्तर एकच, "ऐकत बसलो होतो." बिघडलेला सेटसुद्धा ते आधी डोळे मिटून ऐकायचे. घरघर आहे का, करकर आहे का, स्टेशन येऊन बुडतंय का. मगच पुठ्ठा उघडायचे.

16 डिसेंबरला, ढाक्याच्या शरणागतीच्या दिवशी, मेडलं लावलेला कोट घालायचे आणि कुठल्याही कार्यक्रमाला न जाता तसेच दुकानात कामाला बसायचे.

31 ऑक्टोबर 1984 मी विसरू शकत नाही. इंदिराजी गेल्याचं आम्ही त्यांच्या दुकानात बीबीसीवर ऐकलं. आकाशवाणीनं अजून सांगितलं नव्हतं. गर्दी वाढायला लागली तसा काकांनी सेट बंद केला, समोरच्या सरदारजींकडे गेले आणि स्वतःच्या हातानं त्यांचं शटर ओढलं. ती रात्र सरदारजींचं कुटुंब काकांच्या घरात होतं आणि काका बाहेर ओटल्यावर खुर्ची टाकून बसले होते. काठीसुद्धा जवळ नव्हती.

मिलमजुराचा मुलगा

बाबांची मिल बंद पडली तेव्हा मी नववीत. फी भरायला घरातला रेडिओ विकायचा ठरला. मी तो काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी सेट घेतला नाही, मलाच ठेवून घेतलं. पहिले दोन महिने फक्त डाग द्यायला, म्हणजे कथलानं तारा जोडायला शिकवलं. आधी जोड तापवायचा, मग कथील लावायचं, थेट सोल्डरिंग आयर्नवर नाही. "डाग चकचकीत हवा. मळकट दिसला की समजायचं, आत कच्चा आहे." शंभर डाग द्यायचे, ते शंभर सोडवायचे. रोज संध्याकाळी हातावर पैसे ठेवायचे, काही कामाचं केलेलं नसलं तरी. फी त्यातूनच गेली.

आज माझं स्वतःचं दुकान आहे, मोबाइलचं. काकांचा चष्मा आणि पितळी चिमटा त्यांच्या मुलीनं मला दिला. चिमटा रोज वापरतो. चष्मा लावून पाहिला, फार जाड भिंग आहे.

मूळची इंदूरची, आता पुण्यात

हा धागा वाचून रात्री बाबांचा रेडिओ माळ्यावरून काढला. दोन चिठ्ठ्या निघाल्या. पहिलीवर: "आवाज मधेच जातो. सुटलेली तार जोडली." दुसरी तीन आठवड्यांनंतरची: "तीच तक्रार. आधीचा डाग कच्चा राहिला होता. चूक माझी. आधी घेतलेले आठ रुपये परत दिले."

बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. दोन्ही चिठ्ठ्या होत्या तिथेच ठेवून पुठ्ठा परत लावलाय.