डिलिव्हरीमुळे कोयता सुटतो म्हणे!

हडपसरकर: काल इथे एकाने लिहिलं, 'पोरांना डिलिव्हरीची कामं मिळाली, आता पुण्यातली कोयता गँग आपोआप संपेल.' डोकं फिरलं म्हणून लिहितोय. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्यांच्या बातम्या नीट वाचा, त्यात अल्पवयीन पोरं किती असतात! आणि १८ पूर्ण नसतील तर डिलिव्हरी ॲपवर रायडरचा आयडी, म्हणजे खातं, मिळत नाही. पोरगं बिघडतं त्या वयात हे काम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

सिंहगड रोडवाला: आणि १८ नंतर? माझा धाकटा भाऊ बारावी नापास. चाकणला कंत्राटदाराने सात महिन्यांनी ब्रेक दिला की परत चौकातल्या 'भाऊ'च्या मागे. ऑर्डरी मारायला लागल्यापासून रात्री एकला येतो नि दमून झोपतो. आमच्या आईला विचारा फरक काय पडला.

आकडेमोड: नीती आयोगाचा २०२२ चा अहवाल बघा. २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार (पक्की नोकरी नाही, कामागणिक पैसे मिळणारे), २०२९-३० पर्यंत २.३५ कोटींचा अंदाज. एवढा रोजगार दुसरं कोण देतंय?

हडपसरकर: डोकी मोजलीत. पेट्रोल आणि गाडीचा हप्ता वजा करून हातात काय उरतं, तेही मोजा.

कोथरूडची काकू: गुन्ह्यांचं बोलताय तर आयडी भाड्याने देतात त्याचं बोला. ॲपवर फोटो एकाचा, दारात दुसराच. म्हणून आमच्या सोसायटीने लिफ्ट बंद केली त्यांना.

रात्रपाळी रायडर: काकू, आयडी भाड्याने देणारे आहेत, आणि ते चूकच आहे. पण मी माझ्याच आयडीवर सहाव्या मजल्यावर जिना चढून येतो. कुणाची सायकल गेली की वॉचमन पहिला माझी बॅग उघडतो.

कोथरूडची काकू: लिफ्टचा मेंटेनन्स आम्ही भरतो.

रात्रपाळी रायडर: मग ऑर्डर गेटवर येऊन घ्या! मागच्या पावसात तुमच्यासारख्याच एका जिन्यात घसरलो, मनगट मोडलं. तीन आठवडे एक रुपया नाही.

हडपसरकर: हेच म्हणतोय मी. कामगार संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे म्हटलंय. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला. मनगट मोडल्यावर तीन आठवडे उपाशी राहणाऱ्याला चौकातला 'भाऊ' पाचशेची नोट दाखवणार नाही का?

सिंहगड रोडवाला: प्रत्येक गरीब विकला जातो असं समजू नका, राग येतो.

हडपसरकर: तसं म्हणायचं नव्हतं. तो शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

सिंहगड रोडवाला: आत्ता भावाला विचारलं, सोळाव्या वर्षी तू काय करायचास? म्हणाला, 'भाऊची गाडी पुसायचो, तेव्हा दुसरं काम कोण देणार होतं?' त्या दोन वर्षांपुरतं तुमचं बरोबर. पुढचं मी सोडणार नाही.