भुवयांमधल्या आठ्या: बोटॉक्स करावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वय ४६, नाशिकला हायस्कुलात गणित शिकवते. भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या आहेत, डावी जरा जास्तच खोल. शिवाय कपाळावर आडव्या तीन रेघा. उभ्या आठ्या झोपेतसुद्धा जात नाहीत (नवऱ्याची साक्ष). आडव्या सकाळी फिकट असतात, संध्याकाळपर्यंत ठळक होतात आणि तोवर कपाळही दुखायला लागतं.

तरुण दिसायचा सोस नाही, खरंच. पण गेल्या महिन्यात सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली आणि टेबलापासून दोन हात लांबच थांबली. "नंतर येऊ का बाई? तुम्ही रागावलाय." मी तिच्याच मैत्रिणीचं त्रैराशिक तपासत होते आणि ते अगदी बरोबर होतं! आपल्याकडे कपाळाला आठी दिसली की माणूस नाराज, असंच धरून चालतात.

सासूबाईंच्या सांगण्यावरून तीन महिने बदाम तेल चोळलं. कपाळ चकचकीत झालं, आठ्या तशाच. बहिणीकडचं ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातलं औषध) क्रीम रोज रात्री थापलं, तर आठवड्यात कातडी लाल होऊन सोलली.

आता आमच्या पार्लरवाल्या म्हणतात, शनिवारी त्यांच्याकडे "डॉक्टर येतात", बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आठ्या आणि कपाळ दोन्हीकडे एकदमच करून टाका, दिवाळीपर्यंत चेहरा गुळगुळीत. औषध कुठल्या कंपनीचं विचारलं तर म्हणाल्या "इम्पोर्टेड". किती युनिट विचारलं तर "एक सिरिंज". इथेच माझी गाडी अडली. कुणी केलंय का? दोन्ही जागी करावं की एकाच? फिलर (घडी भरून काढायला कातडीखाली टोचतात ते जेल), लेझर वगैरे पर्यायही ऐकलेत, त्यांचं काय?

पारिजातक:
ताई, मी दोनदा केलंय. पहिल्यांदा तुमच्यासारखंच पॅकेज घेतलं, कपाळ आणि आठ्या एकत्र. चौथ्या दिवशी आठ्या सैलावल्या, खूश होते. दहाव्या दिवशी भुवया डोळ्यांवर येऊन बसल्यासारखं वाटायला लागलं. आयलायनर लावलं की वरच्या पापणीच्या घडीत त्याची दुसरी रेघ उमटायची. फोटोत मी सदा पेंगुळलेली. जिथे केलं तिथे म्हणाले, "सवय होईल." सवय झाली नाही, औषधच उतरलं, साधारण तीन महिन्यांनी. दुसऱ्यांदा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी फक्त भुवयांच्या मधे दिलं. ते छान झालं. सुया मुंगी चावल्यासारख्या लागतात, तेवढंच.

चहाबाज:
वयाप्रमाणे चेहरा बदलणारच. कशाला विष टोचून घ्यायचं? मुलांशी हसून बोला, आठ्या आपोआप दिसेनाशा होतील.

धागाकर्ती:
चहाबाज, हसून बोलतेच हो. आठ्या हसतानाही असतात, त्यामुळे ते आणखी भीतीदायक दिसतं.

कातडीसोलू:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी होऊ शकत नाही, पण काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असाव्यात.

बोटॉक्स हे ब्रँडचं नाव, औषध बोट्युलिनम टॉक्सिन. विष हे खरंच आहे, पण ते आधी डोळ्यांच्या तिरळेपणावर वापरात आलं. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ साली मान्यता मिळाली, कपाळाच्या आडव्या रेघांसाठी थेट २०१७ मध्ये. आठ्यांसाठीची ठरलेली मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. दुसऱ्या ब्रँडची युनिटं वेगळी असतात, आकडे एकमेकांत बदलून चालत नाहीत. औषध बाटलीत कोरडं येतं, सलाइनमध्ये कालवावं लागतं. त्यामुळे "एक सिरिंज" म्हणजे त्यात औषध किती आणि पाणी किती, देव जाणे. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि तो तीन-चार महिने टिकतो.

आता तुमच्या लिहिण्यातली जी गोष्ट मला खटकली ती. आडव्या रेघा संध्याकाळी वाढतात आणि कपाळ दुखतं. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. पापण्या थोड्या ओघळल्या असतील, तर डोळे नीट उघडे ठेवायला माणूस नकळत दिवसभर तोच स्नायू ओढून धरतो. तो बोटॉक्सने सैल केला की पारिजातक यांचं झालं तसं होतं. आरशासमोर डोळे मिटा, कपाळ ढिलं सोडा, बोटांनी भुवया जागेवर धरून ठेवा आणि मग डोळे उघडा. पापणी बाहुलीवर येत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सहज जमलं तरी चष्म्याचा नंबर तपासाच. डोळे बारीक करून वाचण्यानेही उभ्या आठ्या पडतात.

खोल आठी झोपेतही दिसते, म्हणजे कातडीत घडी बसलीय. बोटॉक्सने ती मऊ होईल, पुसली जाईलच असं नाही. तिथे फिलर भरू का म्हणून कुणी विचारलं, तर मी तरी नको म्हणेन. त्या जागेच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर आत शिरलं तर दृष्टी जाऊ शकते. क्वचित होतं, पण झालं तर परत मिळवणं फार अवघड. लेझरने आपल्या सावळ्या रंगावर काळे डाग राहण्याची भीती असते. ट्रेटिनॉइन वाईट नाही, तुम्ही घाई केलीत: वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्री, दिवसा सनस्क्रीन. फरक पडायला महिने लागतात.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, तर बोटॉक्स नको. डॉक्टरांची पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारायला लाजू नका.

धागाकर्ती:
आत्ता आरशासमोर करून पाहिलं. भुवया धरल्यावर डोळे उघडले, पण डाव्या बाजूला पापणी बाहुलीला टेकते. म्हणजे इतकी वर्षं मी कपाळाने डोळे उघडतेय! गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि पार्लरला नको म्हणून कळवलं. नंतर झालंच, तर फक्त मधल्या आठ्या.

एक बावळट प्रश्न: सुई नेमकी टिकलीच्या जागी बसते. टिकली कधी लावायची?

कातडीसोलू:
बावळट नाही, सगळ्याजणी विचारतात. त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी लावा. त्या दिवशी जागा चोळायची नाही आणि चार तास आडवं व्हायचं नाही. आणि टिकलीखाली खाज किंवा पांढुरका डाग दिसत असेल तर सुईच्या आधी तो दाखवा. तो टिकलीच्या गोंदामुळे असू शकतो, आठीमुळे नाही.