मदत हवी आहे: तूप बंद केलं तरी एलडीएल 149 वरून हलत नाही

नवऱ्याचं वय 46. रिपोर्ट: एकूण कोलेस्ट्रॉल 228, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) 149, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) 41, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 190. बीपी-शुगर नॉर्मल, तंबाखू नाही. डॉक्टरांनी तूर्त गोळी न देता तीन महिने खाण्यात बदल करून पुन्हा तपासायला सांगितलंय. तूप, अंडी कधीच बंद केलीत. दिवसभरात चहा धरून 300 मिली फुल क्रीम दूध, चहासोबत खारी किंवा बिस्किटं, डब्यात पोळी-भाजी, रात्री भात आणि नारळाच्या वाटणाची आमटी. अर्धा तास चालणं होतं. अजून काय करावं?

प्रतिसाद 1
तुपावर सगळा राग निघालाय, पण आधी हिशेब बघा. 1800 कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबी (एलडीएल वाढवते ती) दिवसाला 14 ग्रॅमच्या आत हवी. चहाच्या चमचाभर तुपात ती 3 ग्रॅम. 300 मिली फुल क्रीम दुधात (6 टक्के फॅट) 11 ग्रॅम, म्हणजे दुधातच कोटा संपत आला! चार माणसांच्या आमटीला वाटीभर खवलेला नारळ घातला, तर माणशी आणखी 6. खारी-बिस्किटांत बहुधा पामतेल किंवा वनस्पती तूप असतं, पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त. डबल टोन्ड दूध आणा (1.5 टक्के), तेवढ्याच दुधात 3 ग्रॅमहून कमी. चहा पांचट लागतो अशी तक्रार आठवडाभर येईल, येऊ द्या. खारीऐवजी मूठभर फुटाणे.

प्रतिसाद 2
नुसतं कमी करून भागत नाही, विरघळणारा फायबर वाढवावा लागतो. तो आतड्यात पित्ताम्लं (कोलेस्ट्रॉलपासून बनणारा पित्तातला घटक) धरून बाहेर नेतो. मग नवीन पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढून घेतं. सगळ्यात सोपं इसबगोल: रोज 10 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दोन मोठे चमचे. पहिला आठवडा निम्मंच घ्या, नाहीतर गॅसने हैराण व्हाल. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकतं. इतर औषधांपासून दोन तास लांब. यानेच एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. जोडीला राजमा, चवळी, मसूर, भेंडी, गवार आलटून पालटून.

प्रतिसाद 3
टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासलंय का? थायरॉईड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि पथ्य पाळून पाळून माणूस थकतो.

धागाकर्ती
टीएसएच करून घेते. घरात 'कोलेस्ट्रॉल फ्री' सूर्यफूल तेल आहे, चौघांत महिन्याला पाच लिटर. अंडी पुन्हा सुरू करू का? आणि नारळाशिवाय आमटी घशाखाली उतरणार नाही हो!

प्रतिसाद 1
कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसतं, ते लेबल म्हणजे पाण्यावर 'साखरमुक्त' लिहिण्यासारखं आहे. पाच लिटर म्हणजे माणशी रोज चहाचे सात-आठ चमचे तेल. ते चारवर आणा. महिन्याचं अडीच लिटर वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि फोडणीला पळी नको, चमचा वापरा. नारळ निम्मा करून वाटणात भाजलेला कांदा आणि थोडी खसखस घाला, दाटपणा टिकतो. अंडं आठवड्याला तीन-चार चालेल, उकडून.
ट्रायग्लिसराइड्सचं गणित वेगळं. ते साखर, मैदा, दारू आणि पोटावरच्या वजनाने चढतं. चालण्याचा फायदा एलडीएलपेक्षा तिथे जास्त दिसतो. पण वेग हवा: बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही इतका, आठवड्याला 150 मिनिटं.

प्रतिसाद 2
पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, 12 तास उपाशी. नुकताच ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आजारपणात एलडीएल उगाच खाली दिसतं आणि पथ्य लागू पडलं असं वाटतं.