रोड बाइकचे रिम ब्रेक पॅड : पावसात पकड नाही, उन्हात खरखर

चाकोरी
ॲल्युमिनियम रिम, ड्युअल पिव्हट कॅलिपर (दोन पिव्हटवर, म्हणजे खिळींवर फिरून रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेकचा चिमटा), 25 मिमी टायर. पॅड कार्ट्रिजवाले, म्हणजे शू (रबर धरणारा खोबणीचा तुकडा) तोच ठेवून नुसतं रबर बदलता येतं; त्यावरच्या खाचा अजून निम्म्या शिल्लक. पावसात ताम्हिणी उतरताना लिव्हर ओढला की चाकाचा पहिला एखादा फेरा काहीच लागत नाही, मग एकदम धरतो. रस्ता कोरडा असला की खरखर येते, आणि हळू थांबताना पुढचा ब्रेक किंचाळतो. रिमवर बारीक गोल रेघा पडल्यात. पॅड बदलू का? बदलायचे तर पावसाळ्यासाठी कोणते?

घाटउतार
विकत घ्यायच्या आधी आत्ताचे पॅड काढून उन्हात तिरपे धरा. रबरात चांदीसारखे ठिपके चमकतील. ते रिमचंच ॲल्युमिनियम आहे. ओल्या रस्त्यावरची बारीक रेती पॅडमध्ये रुतते आणि रिम खरवडते. निघालेला कीस मऊ रबरात दबून बसतो, आणि मग धातूवर धातू घासायला लागतो. तुमची खरखर तीच, रेघाही त्याच्याच. पावसातून आल्यावर रिमवर बोट फिरवलं की जो करडा-काळा लगदा लागतो ना, त्यात तुमची रिमही असते!

ठिपके टोच्याने किंवा जाड सुईने एकेक उकरून काढा. नुसतं घासू नका, घासल्याने ते आणखी आत जातात. सगळे निघाले की 120 नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅड फिरवा. वरचा गुळगुळीत, चकचकीत थर जाऊन सगळीकडे सारखा मॅट काळा रंग दिसला की थांबा. रिम आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. चेनवर स्प्रे मारताना मागच्या रिमवर तुषार उडतात, तेव्हा आधी रिमवर जुनं कापड टाका. तेल पॅडमध्ये मुरलं तर घासून उपयोग नाही, ते पॅड फेकायचे.

पावसात पहिला फेरा वाया जाणं हा मात्र बिघाड नाही. पॅडला आधी पाणी पुसून काढावं लागतं. वळण दिसायच्या आधीच लिव्हर हलका टेकवून रिम पुसून घ्या, मग खरा ब्रेक लावा.

पाना_नंबर_५
वरच्याशी सहमत. कोणते घ्यावेत ते सांगतो. कॅलिपरसोबत आलेले काळे पॅड कोरड्यात चांगले असतात. आपल्याकडच्या चार महिन्यांसाठी कूल-स्टॉपचे सॅमन, म्हणजे विटकरी-गुलाबी रंगाचे, माझी पहिली पसंती. ओल्यात लवकर धरतात आणि रिम कमी खातात. स्विसस्टॉपचे निळे बीएक्सपी हा दुसरा चांगला पर्याय. शिमानोच्या शूमध्ये आर55सी4 मापाचं कार्ट्रिज बसतं, तेवढं जुळवून घ्या. कार्बन रिमचे पॅड वेगळे असतात. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनवर कधीच लावू नका, रुतलेला एक कण पुरेसा आहे.

बसवताना सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे शू उलटा लावणं. शूचं बंद टोक पुढे, प्रवासाच्या दिशेला. रबर सरकवायचं उघडं टोक मागे. ब्रेक लागताना रिम रबराला पुढे ओढते. उघडं टोक पुढे आलं तर रबर घाटातच निसटून जाईल. रबर धरणारा छोटा स्क्रू 1 ते 1.5 न्यूटन-मीटर, जास्त पिळला की आटे जातात. शूचा बोल्ट 5 ते 7.

उंचीही बघा. पॅडची वरची कड रिमच्या कडेच्या 1 मिमी खाली हवी. टायरला घासली तर टायरची बाजू फाटते. फार खाली गेली तर झिजताना खालच्या अंगाला ओठ तयार होतो आणि तो रिमखाली अडकतो.

चाकोरी
ठिपके निघाले, डाव्या पॅडमध्ये सात! खरखर गेली. किंचाळणं थोडं आहेच. टो-इन द्यावं का, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल असा पॅड किंचित तिरका?

पाना_नंबर_५
द्या. व्हिजिटिंग कार्ड एकदा दुमडून पॅडच्या मागच्या टोकाखाली धरा, लिव्हर दाबून ठेवा, बोल्ट आवळा. पुढचं टोक अर्धा मिमी आधी टेकलं पाहिजे.

घाटउतार
त्याआधी एक तपासणी. पुढचा ब्रेक दाबून बाइक पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या (हँडल वळतं त्या बेअरिंगच्या) सांध्यावर ठेवा. तिथे खटका लागला तर हेडसेट सैल आहे. तिथे काही नाही, पण कॅलिपरच डुलतोय, तर पिव्हट किंवा मधला बोल्ट ढिला आहे. ढिलाई तशीच ठेवून टो-इन दिलं तर पॅड तिरका झिजतो आणि आवाज परत येतो.

आणि रेघा पडल्यात म्हणून रिमही मोजा. कडेवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असेल तर तो अजून दिसतोय का ते बघा. खूण नसेल तर स्टीलची पट्टी ब्रेकच्या पट्ट्यावर उभी धरा. पट्टीखाली मधून उजेड दिसला तर भिंत आत खोलगट झालीय. खोलगटपणा बोटाला स्पष्ट जाणवत असेल तर त्या चाकावर घाट उतरू नका, टायरमधल्या हवेच्या दाबाने कड फाटू शकते.

चाकोरी
खटका हेडसेटलाच होता. आवळला, मग टो-इन. आवाज बंद. मागच्या रिमचा ठिपका दिसतोय, पुढचा जेमतेम.

घाटउतार
मग पुढची रिम पावसाळ्याआधीच बदला. नवीन रिमवर जुने पॅड नकोत.