मदत हवी आहे: स्टार ट्रेकमधले वेग आणि अंतरं जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक तक्ता करतेय: मालिकांमधली यानं किती वेगाने जातात, आणि तेच अंतर कापायला आपल्या आजच्या यानाला किती काळ लागेल. ऐरोलीला आमच्या घरी सध्या रात्रीची जेवणं आटोपली की हाच विषय. आजच्या यानाचं गणित लगेच सुटलं. नासाचं व्हॉयेजर १ सेकंदाला साधारण १७ किमी जातं, सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षं. गाडी अडलीय ती स्टार ट्रेक या अंतराळप्रवासाच्या मालिकांपाशी.

१९६६ च्या मूळ मालिकेला घनाचा नियम लावतात. ‘वॉर्प’ हा तिथल्या यानांच्या वेगाचा आकडा; वॉर्प ६ म्हणजे ६ चा घन, प्रकाशाच्या २१६ पट वेग, प्रॉक्सिमाला आठवडाभर. १९८७ ला नेक्स्ट जनरेशन ही पुढची मालिका आली आणि मोजपट्टीच बदलली: वॉर्प ९ पर्यंत घात ३ ऐवजी १०/३, त्यापुढे आलेख उभा चढत जातो आणि वॉर्प १० म्हणजे अनंत वेग. या पट्टीवर वॉर्प ६ होतो ३९२ पट, प्रॉक्सिमा चार दिवसांवर. ठीक आहे, दोन पट्ट्या तर दोन रकाने केले.

पण कथेतले प्रवास कुठल्याच रकान्यात बसेनात. १९६९ च्या ‘दॅट व्हिच सर्व्हाइव्ह्ज’ या भागात एंटरप्राइज हे यान ९९० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं आणि वॉर्प ८.४ ने साडेअकरा तासांच्या आत परत येईल असं त्यावरचा अधिकारी स्पॉक सांगतो. घनाच्या नियमाने वॉर्प ८.४ म्हणजे ५९३ पट, तेव्हा परतायला वीस महिने लागायला हवेत. फरक जवळजवळ तेराशे पटींचा! स्टार ट्रेकच्याच व्हॉयेजर मालिकेत उलटं. तिथल्या व्हॉयेजर यानाचं घर ७० हजार प्रकाशवर्षं लांब, ७५ वर्षं लागणार, म्हणजे सरासरी ९३३ पट. नव्या पट्टीवर हा जेमतेम वॉर्प ७.८ झाला. आणि ते यान तर ९ च्याही पुढे जातं, नुसत्या वॉर्प ९ ने (१५१६ पट) ४६ वर्षांत पोचायला हवं. शिवाय नेक्स्ट जनरेशनच्या शेवटच्या भागात वॉर्प १३ चा हुकूम येतो. १० जर अनंत, तर १३ कुठून आला?

लेक म्हणते, सूत्र खरं धरू आणि कथेतली चूक तक्त्यात लिहू. मला वाटतं, पात्रं जो प्रवास करतात तोच खरा, सूत्र नंतर. तुम्ही काय धराल? परीक्षकांनी विचारलं तर तिला नीट उत्तर देता आलं पाहिजे.

प्रतिसाद १ (घोडबंदरकर)

ताई, व्हॉयेजरचं कोडं मला तरी चूक वाटत नाही. ठाणे ते सीएसएमटी ३४ किमी. जलद लोकलने पाऊण तास धरला तर सरासरी ताशी ४५, पण मध्ये गाडी त्याच्या दुप्पट वेगानेही पळते. यानाला इंजिन थंड करायचंय, इंधन शोधायचंय, वाटेत थांबायचंय. म्हणून ९३३ ही सरासरी आणि १५१६ हा धावतानाचा वेग. रकान्यांची नावं तशी द्या. ९९० प्रकाशवर्षांचं मात्र काही करता येणार नाही, तिथे लेखकाला यान वेळेत परत हवं होतं. वॉर्प १३ हा एका संभाव्य भविष्यातला प्रसंग आहे, तोवर पट्टी पुन्हा बदलली असं चाहते धरतात. वेगळी ओळ करा.

प्रतिसाद २ (खारघरची वाचक)

तक्त्यात एक्स्पान्स ही मालिका हवीच. तिथल्या माणसांच्या यानांना प्रकाशापेक्षा जास्त वेग नाही, म्हणून नववीच्या सूत्रांनी उत्तर येतं. मंगळ ५.६ कोटी किमीवर असताना निम्मं अंतर १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या) त्वरणाने वेग वाढवत आणि उरलेलं तितक्याच त्वरणाने कमी करत गेलं तर सुमारे ४२ तास, मध्यावर वेग सेकंदाला ७४० किमी. मुलीला स्वतः करून पाहू दे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ‘सरासरी’ आणि ‘धावतानाचा’ असे रकाने झाले, ९९० प्रकाशवर्षांची ओळ लाल शाईने. ४२ तास तिने स्वतः काढले, दोनदा पडताळले. आता तिला एक्स्पान्स बघायचीय. त्यात मारामारी आणि शिव्या बऱ्याच आहेत असं ऐकलंय. नववीच्या मुलीबरोबर बसून बघता येतील असे, यानं मध्यावर उलटी फिरून वेग कमी करताना दिसतात असे भाग कुणी सुचवाल का?