दुचाकीच्या पक्क्या परवान्याच्या चाचणीची तारीख मिळेना, मुदत संपण्याआधी काय करावे?

खापरीकर
नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी करतो. रात्रपाळी सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, म्हणून गिअरची मोटारसायकल घेतली आणि शिकाऊ परवाना काढला. आता पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी सारथी हे परवान्यांचे सरकारी पोर्टल उघडले की जवळचे सगळे दिवस भरलेले दिसतात, आणि जी पहिली मोकळी तारीख दिसते ती शिकाऊ परवान्याची मुदत संपायच्या अगदी तोंडावर आहे. त्या दिवशी नापास झालो तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल का? एका दलालाने लगेच तारीख लावून देण्याची तयारी दाखवली, पण त्या वाटेने मला जायचे नाही.

सक्करदरा
मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो आणि ही अडचण दर उन्हाळ्यात, बारावीच्या परीक्षा आटोपल्या की, हमखास पाहतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पण पहिले ३० दिवस चाचणी देता येत नाही, म्हणजे हाती पाचच महिने उरतात. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते. मुदत संपली की ती वाढवून मिळत नाही, नवा शिकाऊ परवाना काढून पुन्हा ३० दिवस थांबणे आले. म्हणून दिसते आहे ती तारीख आजच घ्या, आणि नंतर रोज पोर्टल पाहत राहा, कारण लोक तारखा बदलतात किंवा रद्द करतात तेव्हा मधल्या जागा मोकळ्या होतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकतिसाव्या दिवशीच तारीख घ्यायला लावतो, सराव तोवर होतोच.

त्रिमूर्तीनगरची ताई
तारीख एकच मिळणार असेल, तर ती वाया जाऊ नये हे जास्त महत्त्वाचे. चाचणीत इंग्रजी आठच्या (8) आकाराच्या ट्रॅकवर गाडी फिरवावी लागते, बहुतेक जण तिथेच अडकतात. पहिला गिअर, अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी सावकाश चालवा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता येणाऱ्या वळणावर ठेवा, म्हणजे तोल जाऊन पाय टेकत नाही. चाचणीला गिअरचीच गाडी न्या, कारण बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी दिल्यास मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही. गाडी मित्राची असली तरी आरसी, विमा आणि पीयूसी सोबत हवेत. हेल्मेट विसरू नका.

वर्धा रोड
२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. नागपुरात एमएच ३१, एमएच ४९ आणि ग्रामीणचे एमएच ४० अशी तीन आरटीओ (परिवहन) कार्यालये आहेत, त्यामुळे तुमचा अर्ज दुसरीकडे वळवता येईल का, हे खिडकीवर जाऊन अवश्य विचारा.
मूळ दुखणे वेगळेच आहे. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवाना आधारच्या साहाय्याने घरबसल्या मिळू लागला, आणि ते चांगलेच झाले. पण पक्क्या परवान्याची चाचणी मैदानावर, मोटार वाहन निरीक्षकासमोरच द्यावी लागते. वाड्याचा दरवाजा रुंद केला आणि आतला बोळ तेवढाच ठेवला, तर गर्दी बोळातच होणार. निरीक्षक आणि ट्रॅक वाढवल्याशिवाय ही रांग कमी होणार नाही, आणि रांगेला कंटाळून माणसे परवान्याविना रस्त्यावर येतात, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. मुदत संपल्यावर कृपया गाडी काढू नका. ५,००० रुपयांचा दंड आहेच, शिवाय अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईतही अडचणी येतात.

खापरीकर
सर्वांचे मनापासून आभार. दिसत होती ती तारीख आत्ताच घेतली. तोवर रात्री परतताना एका सहकाऱ्याला मागे बसवले तर चालेल का?

सक्करदरा
नाही. शिकाऊ परवान्यावर, शिकवणारा परवानाधारक सोडून कोणालाही मागे बसवता येत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावलेला असू द्या.